शांततेचे डोहाळे

ही हकिकत लिहायला मला इतकी वर्षं लागली याचं एक कारण असं, की तिच्यात कोणी कोणाला काही केलेलंच नाही. कोणी हात उगारला नाही, कोणाला उपाशी ठेवलं नाही, आणि शिवी तर आमच्या घरातून माझ्या वडिलांबरोबरच गेली होती. उलट त्या तीन महिन्यांत आमच्याकडे जितक्या गोड आवाजात बोललं गेलं, तितकं त्याआधी कधी बोललं गेलं नव्हतं. आल्यागेल्या पाहुण्यांना वाटायचं, काय नशीबवान सून आहे. दोघातिघांनी तसं बोलूनही दाखवलं, आणि मी त्यांना नम्रपणे चहा घ्या म्हणालो.

मी तेव्हा पोफळीला वीजघरात ऑपरेटर होतो. नोकरी नवी, कॉलनीतलं क्वार्टर नवं आणि लग्नही नवं. वडील गेल्यावर आई गुहागरकडचं घर बंद करून माझ्याकडे राहायला आली होती. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे जांभ्या दगडाची पायरी आणि तिच्यापलीकडे एकदम डोंगर. डोंगराच्या पोटात आमची यंत्रं. आठ तास त्यांची घरघर ऐकून वर आलं की कानांना थोडा वेळ काही ऐकूच यायचं नाही, आणि जे पहिलं ऐकू यायचं तो आईचा आवाज असायचा. आई पहाटे पाचला बोलायला लागायची. भांडण म्हणून नव्हे. ती जे करायची ते सांगत सांगत करायची. "आता तांदूळ धुत्ये हां. कणी फार निघालीय. मेल्यानं फसवलं. आता नारळ फोडत्ये." घावन तव्यावर पडल्याचा चर्र आवाज आणि त्यावर तिचं धावतं वर्णन, हे ऐकतच मी लहानाचा मोठा झालो होतो. मला ते घड्याळाच्या टिकटिकीसारखं होतं. असलं काय आणि नसलं काय.

वंदना खेडची. बोलायची कमी, पण जे बोलायची ते नेमकं जागेवर बसायचं. हसताना तिचा आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात आई एकदा सुकटीची चटणी कशी करायची ते अर्धा तास सांगत होती. सांगणं संपल्यावर वंदना म्हणाली, "आई, आता खाल्ल्यासारखंच वाटतंय." आईला तो कौतुकाचा शब्द वाटला. मला कळलं, आणि मी तोंड फिरवून हसलो. आपल्या बायकोला विनोदाची जाण आहे याचा मला फार अभिमान होता.

त्या विनोदानेच घात केला असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. आता म्हणत नाही, कारण त्या म्हणण्यात पुन्हा तिचीच चूक निघते.

पाचव्या महिन्यात कॉलनीतल्या बायकांनी फारसा गाजावाजा न करता तिची ओटी भरली. शेजारच्या घरात दहाबारा बायका, मधोमध पाटावर वंदना, खोबऱ्याच्या वड्या, बाहेरच्या खोलीत आम्ही दोघंतिघं पुरुष. कुणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला, "काय गो, डोहाळे कसले लागलेत? आंबट की तिखट?" आणि वंदना म्हणाली, "मला ना, सकाळी दहा मिनिटं शांततेचे डोहाळे लागलेत."

क्षणभर कोणाला समजलं नाही. मग पहिल्यांदा शेजारच्या काकू हसल्या, आणि सगळ्याच हसल्या, कारण भिंती पातळ होत्या आणि आईच्या कणीच्या तांदळाची हकिकत अख्ख्या रांगेला पाठ होती. आईही हसली. घरी येईपर्यंत ती हसत होती. कुलूप उघडताना म्हणाली, "चांगली मस्करी करत्येस हां," आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी उशिरा उठलो. मला उठवणारा आवाजच झाला नव्हता. स्वयंपाकघरात आई घावने घालत होती, ओठ घट्ट मिटून. वंदना बिचारी दोनदा म्हणाली, "आई, मी गमतीत म्हटलं हो." आईने माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे, सांगितलं, "सुधीर, डोहाळे पुरवायचे असतात. नाही पुरवले तर पोराचे कान फुटतात. माझ्यावर नको तो दोष."

पहिले दोन दिवस मला बरंच वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं. शिफ्ट करून आल्यावर घर इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. दोन बायकांमधलं आहे, चार दिवसांत निवळेल, असं मी स्वतःला सांगितलं. पुरुष असण्याचा मोठा फायदा हा, की घरात जे घडतं त्याला दोन बायकांमधलं म्हणता येतं आणि चहा घेता येतो.

त्याच आठवड्यात मी चिपळूणला गेलो होतो. तिथे एका दुकानात गर्भसंस्कारांची पुस्तिका आणि सोबत श्लोकांची कॅसेट मिळाली. मी ती मोठ्या प्रेमाने आणली. हे प्रेम खोटं नव्हतं, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे, कारण पुढचं सगळं त्या प्रेमाच्याच आधाराने झालं. रात्री जेवताना मी पुस्तिका मोठ्याने वाचून दाखवली. गर्भाला सगळं ऐकू येतं. घरात कठोर शब्द उच्चारू नये. घरातल्या सर्वांनी रोज गर्भाशी गोड आवाजात बोलावं.

आईने भाताचा घास तसाच हातात धरला आणि ऐकून घेतलं. जेवण झाल्यावर ती वंदनासमोर येऊन बसली, गुडघ्यांवर हात ठेवले, आणि तिच्या पोटाकडे बघून इतक्या लाडात बोलली, की असा आवाज तिला काढता येतो हे मला माहीत नव्हतं. "काय रे माझ्या राजा? आजीचं ऐकू येतंय ना? आपल्या आईला सांग हां, डाळीत मीठ घालायचं राहिलं. सांग तिला, विसरायला होतं गो, डोक्यात नाही ना काही राहात."

मी हसलो. वंदनाही हसली, खांदे हलवून. तिला वाटलं अबोला सुटला.

सुटला नव्हताच. त्याला वाट मिळाली होती. त्या दिवसापासून आई पुन्हा पहाटे पाचला बोलायला लागली, पण वंदनाशी नाही. "राजा, आईला सांग, कपडे पिळताना जीव गेल्यासारखी करू नको." "राजा, तुझी आई माहेरी काय शिकली रे? विचार तिला." "बघ हां, तू आजीवर जा. आईवर गेलास तर लोक तोंडावर हसतील आणि पाठीमागे रडतील." सगळं हसत, सगळं मधाच्या बोटाने. कठोर शब्द एकही नाही. पुस्तिकेप्रमाणे सगळं चाललं होतं. श्लोकांची कॅसेट सकाळ-संध्याकाळ वाजायची आणि तिच्या पार्श्वभूमीवर आई आपल्या नातवाला त्याच्या आईच्या तक्रारी सांगायची. वंदनाने काही उत्तर दिलं तर आई ते ऐकत नसे. ऐकू न आल्यासारखं ती पुन्हा पोटाला म्हणायची, "काय म्हणत्येय रे ती? जाऊ दे. आपण बोलू."

आता माझ्याकडे येतो. इथवरचा मजकूर मी वंदनाला वाचायला दिला होता. ती आता शेजारच्या खोलीतच असते, आणि मी काय लिहितोय याबद्दल तिला फारसं कुतूहल नसतं, पण हे प्रकरण तिने चष्मा लावून वाचलं. पानं परत देताना म्हणाली, "आईंचं ठीक आहे. आई माझ्या कोण होत्या? तुम्ही काय करत होतात ते लिहा." मी म्हटलं, लिहिलंय की, हसलो म्हणून. ती म्हणाली, "एकदाच?"

तर, एकदाच नाही. मला तो खेळ आवडला. मीही खेळू लागलो. "बाळा, आईला सांग, बाबा दुसऱ्या पाळीला निघालेत, डबा हवाय." "बाळा, बाबांचा निळा शर्ट कुठाय, विचार." पहिल्यांदा वंदना डबा देताना म्हणायची, "अहो, मी इथेच उभी आहे." त्यावर मी म्हणायचो, "बाळा, बघ, आई चिडली. तू नको हां चिडू." आणि आतून आई हसायची. आमचं मायलेकांचं तेव्हा फार छान जमलं होतं. एकदा वंदनाने मागच्या पायरीवर मला गाठलं आणि विचारलं, "तुम्ही तरी माझ्याशी बोलाल का?" मला प्रश्नच समजला नाही. मी म्हटलं, "अगं, दिवसभर तुझ्याशीच तर बोलतोय आम्ही. आईसुद्धा आता किती मोकळी बोलते." ती वाळत घातलेले कपडे काढायला गेली. तेव्हा बहुतेक तिने शेवटचं विचारलं.

त्यानंतर ती बोलायची थांबली. एकदम नाही, यंत्र थांबतं तसं, फेरे कमी कमी होत. खाणं कमी झालं. मासा ताटात तसाच राहायचा. आई म्हणायची, "राजा, आईला सांग, तुझ्या वाटचं उष्टं टाकते ती." दुपारी मी घरी असलो की ती भिंतीकडे तोंड करून पडलेली दिसायची. झोपलेली नसायची. पाय सुजले. चपला होईनात, तेव्हा ती माझ्या जुन्या स्लीपर घालून फिरू लागली. आई म्हणाली, पाय सुजतातच, मीही म्हणालो, सुजतातच. मी म्हणजे असा माणूस, की वीजघरात दर तासाला बेअरिंगचं तापमान लिहायचो आणि एक अंश वाढला तरी वरिष्ठांना फोन करायचो.

सातव्या महिन्यात तिचे वडील खेडहून आले. पहिलटकरणीला माहेरी न्यायची रीत, त्याप्रमाणे न्यायला आले होते. बॅग भरून ठेवली होती. वंदनाच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग होता. आईने त्यांना चहा दिला, आंबोळ्या वाढल्या, आणि मग वंदनासमोर नेहमीसारखी बसली. "काय रे राजा, जायचंय का तुला आजोळी? आजीला सोडून? सांग बरं." आणि तिने पोटावर हात ठेवला. "आई ग! लाथ मारलीन! नाही म्हणतोय हो, व्याही. पोराला नाही जायचं." सगळे हसले. वंदनाचे वडील साधे गृहस्थ, तेही हसले. वंदना माझ्याकडे बघत होती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की तिला जायचंय. दोन शब्द. मी म्हणालो, "आता बाळाचीच मर्जी नाही म्हटल्यावर काय करणार?" फारच हजरजबाबी बोललो, असं मला वाटलं होतं. बॅग पुन्हा कपाटावर गेली. तिचे वडील संध्याकाळच्या गाडीने एकटेच परत गेले.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी तपासणीसाठी मी तिला चिपळूणला घेऊन गेलो. एरवी आई यायची, त्या दिवशी तिला कणकण होती. डॉक्टरबाई वयस्कर होत्या, गर्दी असायची, भराभर तपासायच्या. वंदनाच्या दंडाला पट्टा बांधून त्यांनी दाब बघितला. मग पुन्हा बघितला. दुसऱ्या दंडालाही बांधून बघितला. आकडा मला समोरून दिसत होता. आकडे वाचायची मला सवय होती. एकशे सत्तर आणि खाली एकशे दहा.

"डोकं दुखतं का?" बाईंनी विचारलं.

मीच म्हणालो, "नाही हो. तब्येत तशी चांगली आहे. घरात आम्ही फार काळजी घेतो. श्लोकांची कॅसेट लावतो. आमच्याकडे तर कोणी आवाजसुद्धा चढवत नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. "डोळ्यांसमोर अंधारी येते? चमकल्यासारखं होतं?"

वंदना आपल्या पोटाकडे बघत होती. वाट बघत होती, आपल्या पोटातून कोणीतरी उत्तर देईल अशी.

"अगं, तुला विचारत्येय मी," बाई म्हणाल्या.

वंदनाने मान वर केली. तिचा आवाज बसला होता, बरेच दिवस न वापरलेल्या वस्तूसारखा. ती म्हणाली, "मला?"

त्या खोलीत पंखा फिरत होता, बाहेर एका बाईचं मूल रडत होतं, आणि मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. त्या एका शब्दात मला तीन महिने एकदम ऐकू आले. मला सांगायला आवडेल की मी त्या क्षणी रडलो किंवा तिची क्षमा मागितली. मी काय केलं, तर बाईंना म्हणालो, "ती जरा थट्टा करते." बाई म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा."

मी बाहेर बसलो. पंधरा मिनिटांनी त्यांनी मला आत बोलावलं. वंदनाचं डोकं आठ दिवस दुखत होतं. दोन दिवस उजव्या बाजूचं धूसर दिसत होतं. लघवीच्या तपासणीतही बरं काही नव्हतं. तिला तिथेच दाखल करून घेतलं, झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शनं सुरू केली, आणि दाब उतरेना तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन करून मूल बाहेर काढलं. मुलगी. दीड किलोच्या थोडी वर. ती दोन आठवडे काचेच्या पेटीत होती, वंदना चार दिवस अशा अवस्थेत, की बाई माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बघू' म्हणायच्या.

पाचव्या दिवशी, धोका टळला असं कळल्यावर, मी बाईंना व्हरांड्यात गाठलं. मला गुन्हा कबूल करायचा होता, किंवा खरं तर कोणीतरी शिक्षा देऊन मला मोकळं करावं असं वाटत होतं. मी विचारलं, "आमच्या घरी जे चाललं होतं त्याने तिचा दाब वाढला का?" त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "दाब दहा कारणांनी वाढतो. घरी सुखात असलेल्या बायकांचाही वाढतो. तो कशाने वाढला ते मला सांगता येणार नाही. पण डोकं आठ दिवस दुखत असताना हिने ते घरात कोणाला का सांगितलं नाही, हे मला सांगता येईल. सांगू?" मी म्हणालो, नको.

खरं तर तिने सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. मला नंतर आठवलं. तिने म्हटलं होतं, "डोकं फार दुखतंय." आणि आई म्हणाली होती, "राजा, आईला सांग, दुखायला आधी असावं लागतं." आणि मी वर्तमानपत्रामागे हसलो होतो.

आई दवाखान्यात आली तेव्हा तिच्याबरोबर मेतकूट आणि मऊ भाताचा डबा होता. वंदना डोळे मिटून पडली होती. आईने मला बाहेर नेलं आणि खरोखर रडत विचारलं, "सुधीर, मी एक शब्द तरी वाईट बोलल्ये का रे तिला? माझ्या सासूनं मला गरोदरपणी पाट फेकून मारला होतान. मी एक शब्द तरी?" मी आठवून बघितलं. एकही नाही. तिला तर नाहीच. आई नऊ वर्षांपूर्वी गेली, तेव्हाही तिचं तेच म्हणणं होतं, आणि शेवटी तिचं सगळं वंदनानेच केलं. मला त्याचा अर्थ अजून लागलेला नाही. विचारलं तर वंदना म्हणते, करायला कोणी तरी हवं होतं ना.

दवाखान्यातून ती परस्पर खेडला गेली. मूल वाढत होतं, आईचं दूध नव्हतं, पण वाढत होतं. वंदना मात्र तिला जवळ घेत नव्हती. तिची आई मुलीला तिच्या मांडीवर ठेवायची आणि ती हात बाजूला ठेवून बसायची, दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्या जागेवर ठेवली असावी तशी. झोपायची नाही. दाबाची गोळी तेव्हा सुरू झाली ती आजही रोज सकाळी आहे. मी साप्ताहिक सुट्टीला एसटीने जायचो आणि तिच्यासमोर बसायचो. मधे कोणी नसताना तिच्याशी थेट काय बोलायचं ते मला सुचत नसे. एकदा सवयीने मी पाळण्यात वाकून म्हणालो, "बाळा, आईला सांग..." आणि माझी जीभ तिथेच राहिली. वंदना उठून आत गेली. तिच्या वडिलांनी मला अंगणात नेलं आणि हात जोडून सांगितलं, "जावईबापू, पुढच्या आठवड्यात नाही आलात तरी चालेल."

तरीही मी गेलो. त्याच सुमाराला चिपळूणच्या डॉक्टरबाईंनी रत्नागिरीच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली होती. तिच्या वडिलांना लोक काय म्हणतील याची भीती, म्हणून ते 'डोळे दाखवायला' असं शेजारी सांगून निघाले. मीही निघालो, मागच्या सीटवर. दवाखान्यातल्या बाकावर पंधराएक माणसं होती. वंदनाचा नंबर आला. आम्ही तिघंही उठलो, तर ती वडिलांना म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा." मला काहीच म्हणाली नाही. मीही बसलो. दार लागलं.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. कंपाउंडर दोनदा दाराशी जाऊन परत आला. आतून शब्द कळत नव्हते, पण आवाज कळत होता, आणि तो डॉक्टरांचा नव्हता. एकसारखा, मधे थांबणारा, पुन्हा सुरू होणारा. तासाकडे काटा गेला तशी बाकावर चुळबूळ सुरू झाली. देवरुखकडचे एक म्हातारे गृहस्थ घड्याळ बघून वैतागले. "काय हो हे! आम्हाला शेवटची गाडी गाठायचीय. आत कोण बाई आहे एवढी बोलत बसलेली?"

मी त्यांच्याकडे वळलो. मला वाटतं, त्या सबंध वर्षात मी पहिल्यांदाच तिच्याबद्दल काही खरं बोललो.

"माझी बायको आहे," मी म्हणालो. "तिला वेळ लागेल."